कॅप्टनच्या टेबलावरची जागा

“टॉवेल टाकून खुर्ची अडवायची नाही,” मास्तर तलावाच्या काठावर बसून दोन भिजलेल्या बहिणींना सांगत होते. “अर्धा तास कुणी फिरकलं नाही, की टॉवेल उचलतात आणि त्या प्रवाशाच्या नावावर नोंद करतात.”

“अर्धाच तास का?” धाकटीने विचारलं.

‘का’ विचारणारं मूल भेटलं की मास्तर बाकीचं जग विसरत. त्यांनी ओल्या बोटाने फरशीवर वीस खुर्च्या काढल्या, शेजारी साठ माणसांचे ठिपके दिले आणि सगळ्यांनी सकाळपासून टॉवेल टाकून ठेवले तर किती जण ताटकळतात, ते मुलींकडूनच वदवून घेतलं. ठिपके उन्हाने वाळत होते, मुली ते पुन्हा काढत होत्या. मग थोरलीला शंका आली, की एखाद्याच्या पोटात दुखायला लागलं तर त्याचं काय. त्यावर आणखी दहा मिनिटं गेली.

शाळा सोडून बारा वर्षं झाली तरी जहाजावर सगळे त्यांना मास्तरच म्हणत. जेवणाच्या टेबलावर त्यांच्या शेजारी दातांच्या डॉक्टरीणबाई बसत. दोघंही एकटेच आलेले, त्यामुळे आठ दिवसांत चांगली गट्टी जमली होती. बाईंना मात्र एक कोडं सुटत नव्हतं. मास्तरांना समुद्र सोसत नसे. पहिले दोन दिवस ते आल्याचा तुकडा गालात धरूनच वावरत. बंदर आलं की बाकीचे फिरायला उतरत, हे आपले जहाजावरच. तरीही हीच दहा रात्रींची सफर, याच जहाजावरून, त्यांनी दर वर्षी एक याप्रमाणे नऊ वेळा केली होती. ही दहावी.

“कशासाठी हो हा छळ?” बाईंनी एकदा विचारलं होतं.

मास्तरांनी खिशातलं सोनेरी कार्ड काढून दाखवलं. ज्याच्या शंभर रात्री भरतात, त्याला शेवटच्या संध्याकाळी कॅप्टनच्या टेबलावर जेवायला बोलावतात. उद्या त्यांच्या शंभर भरत होत्या. अट एकच होती: सफरीत नावावर एकही नोंद नको. झाली, तर ती अख्खी सफर मोजणीतून बाद.

बाईंनी त्यांची यथेच्छ थट्टा केली. सोनेरी कार्डवाल्यांना जहाजावर आधी चढता येतं, तर मास्तर सर्वांबरोबर रांगेत उभे. त्यांचे कपडे फुकट धुऊन मिळतात, तर मास्तर रुमाल स्वतः धुणार. आणि जीव टाकायचा तो एका जेवणावर! तेही त्या कॅप्टनबाईंबरोबर, ज्यांनी म्हणे कंपनीच्या एका बड्या साहेबालाही स्लिपर घालून आला म्हणून जेवणघराच्या दारातून परत पाठवलं होतं. मास्तर यावर नुसते हसत. रोज दुपारी बाराला कॅप्टनबाई स्पीकरवरून हवामान सांगत, तेव्हा ते चमचा खाली ठेवून ऐकत. बाईंच्या मते ही वर्गातली खोड होती.

तलावाकाठचा धडा संपला. मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आपल्या खुर्चीकडे वळले. खुर्ची मोकळी होती. डेकवरचा कर्मचारी त्यांचा टॉवेल घडी करून हातात धरून उभा होता, चेहरा असा की जणू चूक त्याचीच. चाळीस मिनिटं झाली होती.

“आजोबा, तो तुमचाच?” थोरलीने हळूच विचारलं.

कर्मचारी जवळ आला. नोंद अजून वर पाठवलेली नाही, विसरली तरी कुणाला कळणार नाही, असं तो कानाशी पुटपुटला.

“मुली बघताहेत,” मास्तर म्हणाले. “पाठवा.”

डॉक्टरीणबाईंना हे कळलं तेव्हा त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. जहाजाचाच नियम मुलांना शिकवताना जहाजाने शिक्षा करावी, हा कुठला न्याय? त्यांनी तिथल्या तिथे कॅप्टनला अर्ज लिहिला, अकरा प्रवाशांच्या सह्या घेतल्या. दोघी बहिणींनी खाली आपली नावं रंगीत खडूंनी लिहिली. मास्तर आधी नको म्हणाले, मग त्यांनी हट्ट सोडला. या जेवणासाठी त्यांनी नवा कोट शिवून घेतला होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो त्यांनी तीनदा अंगात घालून पाहिला.

चहाच्या वेळी उत्तर आलं, हाताने लिहिलेलं. बाईंनी घाईघाईने पाकीट फोडून मोठ्याने वाचलं.

“प्रवासी वीस पावलांवर होते, हे खरं. टॉवेल चाळीस मिनिटं खुर्चीवर होता, हेही खरं. नियम सर्वांना सारखा आहे. नोंद कायम राहील. आज संध्याकाळचं आमंत्रण देता येत नाही.”

मास्तरांचा चेहरा उतरला. मग त्यांनी पत्र मागून घेतलं, हातभर लांब धरून पहिल्यापासून वाचलं आणि वाचता वाचता त्यांच्या मिशीखाली हसू पसरत गेलं.

“अक्षर बघा,” ते म्हणाले. “एक खाडाखोड नाही.”

“अक्षराचं काय घेऊन बसलात? सहा ओळींत तुमच्या दहा वर्षांवर पाणी फिरवलं त्या बाईने.” बाईंनी कप बशीत आदळला. “हिला लहानपणी कुणी एक चूक माफ केली नसणार. कुठल्या शाळेत शिकली आणि कुणी वाढवली, देव जाणे.”

मास्तरांनी पत्राची नीट घडी घातली आणि पुढच्या वर्षीच्या सफरीचा अर्ज पुढ्यात ओढला.

“शाळेत मीच होतो,” ते म्हणाले. “आणि घरीही.”