तारेचं टोक

सारिकाने नव्या सायकलवर टांग टाकली आणि ओरडून खाली उतरली. पोटरीवर रक्ताचा बारीक ओघळ आला.

"मावशी, कायतरी टोचलं. लय झोंबतंय."

नजमा खाली वाकली. कामशेतला तिचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आंदर मावळातल्या या शाळेत मुलींना आज चाळीस सायकली वाटायच्या होत्या, त्यांत हवा भरायला तिला बोलावलं होतं.

मागच्या ब्रेकच्या तारेचं टोक उसवून सुयांसारखं पसरलं होतं. त्यावर चेपून बसवायची बारीक टोपीच नव्हती. नजमाने पुढची सायकल पाहिली. तिच्या पुढची पाहिली. एकीलाही नव्हती.

पुरवठादाराचा माणूस प्रज्ञेश त्या टोकांवर लाल रिबिनीचे गोंडे बांधत चालला होता.

"आता फोटोत दिसणार नाही," तो म्हणाला.

"मूठभर टोप्या लागतात. बसवल्या का नाहीत?"

"फुकटच्या सायकली आहेत, ताई. चार दिवस फिरवतील, मग गोठ्यात पडतील. कोण बघतंय?"

शेजारी उभ्या सारिकाने पोटरीवरचा हात काढला नाही. तिने मान मात्र खाली घातली.

नजमाने सायकल उलटी केली, गोंडा ओरबाडून फेकला आणि तारेचा उसवलेला भाग कापून टाकला. डब्यात चारच टोप्या निघाल्या. त्या संपल्यावर ती जुन्या स्पोकांच्या टोकांची बारीक पितळी निपलं तारेवर चढवून पकडीने चेपू लागली. प्रत्येक टोकावरून अंगठा फिरवून बघत होती.

पाहुणे आले. गोंडेवाल्या सायकलींसमोर फोटो झाले, टाळ्या झाल्या. गाड्या निघून गेल्या तरी नजमा मैदानाच्या कडेला उकिडवी बसलेलीच होती.

प्रज्ञेश कागद घेऊन आला. त्यावर छापलं होतं: चाळीस सायकली तपासल्या, सर्व सुस्थितीत आहेत. "इथे सही करा. मेकॅनिकची लागते."

नजमाने तेलकट हातानेच पेन धरलं. 'चाळीस' खोडून वर 'नऊ' लिहिलं आणि सही ठोकली.

प्रज्ञेशने कागद दोन बोटांत उचलला. "खाडाखोड चालत नाही, ताई!"

"मग दुसरा आणा," नजमा म्हणाली आणि तिने दहावी सायकल उलटी केली.