शिवलेला खिसा

“एकच तर मागतेय,” आई म्हणाली. “आणि तुला चांगल्या दोन आहेत.”

किडनीबद्दल आई अशी बोलत होती, जणू शेजारणीकडे खुर्ची मागतेय. टेलरने गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. दुकानाच्या दारात वहिनी डोळे पुसत उभी होती.

“देतो की,” तो म्हणाला. “दादाला नाही द्यायची तर कुणाला?”

आईने त्याच्या गालावरून हात फिरवला. वहिनीने हात जोडले.

देतोय कसला! दादा त्याच्याहून सात मिनिटांनी मोठा, आणि चेहरा अगदी तोच. वीस वर्षांपूर्वी दादाच्या व्हॅनखाली एक सायकलवाला सापडला. ओळख परेडमध्ये साक्षीदाराने बोट दाखवलं ते टेलरकडे, आणि दादा मूग गिळून बसला. त्याचं लायसन्स वाचलं, ड्रायव्हरची नोकरी वाचली. टेलर दीड वर्ष आत काढून आला. ठरलेलं लग्न मोडलं ते मोडलंच. आईला तर अजूनही वाटत होतं, गाडी धाकट्यानेच ठोकली.

दादा मरायला टेकला होता, तर टेकू दे. पण नाही म्हटलं तर आई जन्मभर ऐकवणार. नकार द्यायचा, पण आपल्या तोंडाने नाही, हे त्याने त्याच क्षणी ठरवलं.

वाट दाखवली ती डॉक्टरीणबाईंनी. पहिल्या तपासणीला त्याने विचारलं, “आम्ही जुळे, मग किडन्या खाणारा हा साखरेचा आजार त्यालाच का? मला का नाही?”

“डीएनए दोघांचा एकच आहे,” बाई म्हणाल्या. “पण त्यावर मिथाइलचे बारीक ठिपके बसत जातात. जिथे ते बसतात, तिथलं जनुक बऱ्याचदा गप्प होतं. साखर सांभाळणारी काही जनुकं तुमच्या भावाची अशी गप्प झालेली दिसतात.”

“म्हणजे कोटाला खिसा आहे, पण शिवून टाकलेला.”

“अगदी!” बाई हसल्या.

“आणि शिवतं कोण?”

“थोडं नशीब, बरंचसं आपणच. खाणं, वजन, दिवसभर बसून राहणं. तुम्ही मात्र जपा हं, कापड तेच आहे तुमचं. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू. साखर चढलेली असेल तर किडनी घेता येत नाही.”

टेलर दुकानात परतला तो चार केक घेऊनच.

तीन महिने त्याने जिवाचं रान केलं, तेही बसल्या जागी. सकाळी जॅमची बाटली चमच्याने, दुपारी क्रीमच्या बिस्किटांचा अख्खा पुडा, चहात पाच चमचे साखर. पायी यायचा, तो बसने येऊ लागला. प्रत्येक घासाला मनात म्हणायचा, हा घे दादा, हा तुझ्या नावाचा. स्वतःच्या पँटची कंबर त्याने दोनदा उसवून सैल केली. पुढेपुढे घशाला सारखी कोरड पडायची, सुईत दोरा ओवताना धूसर दिसायचं. तसतसा तो खूश व्हायचा.

“मास्तर, सुटलात की!” एक गिऱ्हाईक म्हणालं.

“सुख मानवलं,” टेलर म्हणाला.

शेवटच्या तपासणीचा कागद बाईंनी दोनदा वाचला. “हे कसं झालं हो? गेल्या वेळी ठणठणीत होतात! आता तुम्हालाच गोळ्या सुरू कराव्या लागणार. डायबिटीस आहे.”

“म्हणजे माझी किडनी चालणार नाही?”

“नाही. आईंना मी सांगते.”

त्याच्या मनात उकळ्या फुटत होत्या. गोळ्यांची चिठ्ठी खिशात कोंबून, तोंड पाडून, तो डायलिसिसच्या खोलीकडे निघाला. दादाचा चेहरा पडताना त्याला समोर उभं राहून बघायचा होता. वीस वर्षं थांबला होता त्यासाठी.

दादा नळ्या लावून पडला होता.

“दादा, मी नापास झालो रे,” टेलर म्हणाला आणि नजर रोखून उभा राहिला.

दादा हसला. त्याने मोकळ्या हाताने धाकट्याचं मनगट धरलं.

“तोंड कशाला पाडतोस, वेड्या? आईसमोर तुला नाही म्हणता येईना, कळत होतं मला. माझ्यापायी एकदा भोगलंस तेवढं पुरे. बाईंना मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय, रक्त कितीही चांगलं निघालं तरी त्याला नापासच करा.”