वाळूतली गाडी

"उस्ताद, पहिली बॅटरी उतरता कामा नये," झुवैना म्हणाली. "फ्रिज रात्रभर चालू दे, पण सकाळी गाडी सुरू झालीच पाहिजे."

"ताई, त्यासाठीच तर ही दुसरी," बॉनेटमध्ये वाकलेला खल्फान म्हणाला. "फ्रिज, दिवे, सगळं हिच्यावर. मध्ये हा डबा बसवतो. इंजिन चालू असलं की दोन्ही भरतील, बंद झालं की दोघींची ताटातूट. मग दुसरी पार मेली तरी पहिलीच्या केसाला धक्का नाही."

निझव्याच्या गॅरेजगल्लीत तो वीस वर्षं गाड्यांच्या वायरी जोडत होता. नवऱ्याच्या गाडीसाठी बायको आलीय, असं क्वचितच व्हायचं. हिचा नवरा हारिब तेलविहिरीवर होता. दोन आठवडे काम, दोन आठवडे सुट्टी. कामावर कंपनीची बस न्यायची, गाडी घरी असायची. दर सुट्टीत तीन दिवस तो एकटाच वाळवंटातल्या वाळूत जाऊन तंबू ठोकायचा. गेल्या खेपेला फ्रिजनं बॅटरी खाल्ली आणि तिनाचे चार दिवस झाले. इकडे झुवैनाच्या तोंडचं पाणी पळालं. आता तो कामावर असताना, त्याला न सांगता, ती ही भेट करून घेत होती.

"तू नाही जात बरोबर?"

"मला कुठला नेतोय! म्हणतो, तुला नाही झेपायचं." ती हसली आणि तिनं ओढणी नाकावर ओढून घेतली. ॲसिडच्या वासानं सगळ्यांचंच तसं होतं. "जाऊ दे. सुखरूप परत आला म्हणजे झालं."

"नशीब काढलं हो त्यानं! मी चार दिवस बेपत्ता झालो तर आमची आधी विचारेल, मासळी आणलीत का."

झुवैना खळखळून हसली. दुपारच्या अस्रच्या नमाजानंतर येते म्हणून भावाच्या गाडीतून निघून गेली.

खल्फाननं दुसऱ्या बॅटरीसाठी ट्रे बसवायला घेतला आणि त्याचा हात थांबला. वाळूत जाणारी गाडी कधी लपत नाही. ती तांबडी, पिठासारखी बारीक वाळू जुन्या बॅटरीखाली साठते, फिल्टरात जाते, सीटखालच्या पट्ट्यांत बसते. इथं सगळं लख्ख होतं. मागं केबल न्यायला त्यानं गालिचा उचलला. काही नाही. चासीच्या भोकात बोट घातलं, तर बोटाला नुसतं ग्रीस. एअर फिल्टर कोरा करकरीत.

सहा वर्षं वाळूत जाते म्हणे ही गाडी. त्याच्या मनात पाल चुकचुकली.

त्याच्या बहिणीचा, रायाचा नवरा असाच महिन्यातून चार दिवस किनाऱ्यावरच्या सूर गावी जायचा. मासळीचा धंदा म्हणून. तिथं त्याचं दुसरं बिऱ्हाड होतं. खल्फाननं त्याला स्वतः पाहिलं होतं, खांद्यावर एक लहानगी घेतलेला. इथली रीत अशी की भेटल्यावर समोरचा 'काय खबर?' विचारतो आणि घराला आग लागलेली असली तरी आपण म्हणायचं, 'खबर नाही, सगळं कुशल.' रायानं विचारलं, तेव्हा खल्फान तेच म्हणाला. चार वर्षांनी एका लग्नात परक्या बाईकडून तिला कळलं, भावाला आधीच ठाऊक होतं हेही. त्यानंतर रायानं भावाच्या घरचा कहवा घेतला नाही.

अस्रनंतर झुवैना आली. हातात कहव्याचा थर्मास आणि खजुराचा डबा.

"काय खबर, उस्ताद?"

नेहमीचं उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं.

"खबर आहे, ताई," तो म्हणाला.

आणि त्यानं सगळं सांगितलं. पांढरं फडकं चासीतून फिरवून तिच्यापुढं धरलं. तिनं ते उलटून पाहिलं.

"धूत असेल," ती म्हणाली.

"धुऊन जात नाही ती. वरची जाते, आतली नाही. वीस वर्षं हेच करतोय मी. तू मला बहिणीसारखी, म्हणून बोललो. नाहीतर मला काय पडलंय? परत आला की विचार त्याला."

"नको. विचारलं तर तो काहीतरी सांगेल, आणि मला ते खरं वाटेल."

तिनं गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि गाडी न घेताच ती गेली. थर्मासही तिथंच राहिला.

खल्फाननं रायाला फोन लावला. "या वेळी मी मिठाची गुळणी धरून बसलो नाही," तो म्हणाला. पलीकडं राया रडली. फार वर्षांनी त्याला हलकं वाटलं.

दोन महिन्यांनी हारिब दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्यानं बॉनेट उघडलं आणि दुसऱ्या बॅटरीवर हात ठेवला.

"हे तिनं केलं?"

"तिनंच."

"माहेरी गेली, रुस्ताकला. मी दारात गेलो तर भावानं दार लावून घेतलं. तिनं लग्नातला मेहेर परत केला, काझीकडून सुटका मागितली. जिला नकोसा झालो तिला बांधून कसं ठेवू? काल सह्या झाल्या. कारण विचारलं, तर उठता उठता म्हणाली, गाडी खल्फानकडं आहे, तिलाच विचार." त्यानं बॅटरीवरचा हात काढला. "आता गाडीला काय विचारू, उस्ताद?"

खल्फानचं डोकं फिरलं. काय हा साळसूदपणा! "सोंग पुरे कर. सहा वर्षं वाळूत जातोस म्हणे! मग गाडीत वाळूचा एक कण कसा नाही?"

हारिब त्याच्याकडं वळला.

"कसा असेल? तिसरा दिवस सगळा माझा वाळूच्या कडेला, बिदियाच्या पेट्रोलपंपावर जातो. सीटा काढतो, चासीत हवेची नळी घालतो, फिल्टर नवा टाकतो. तिला कधी कळू दिलं नाही. माझ्यापायी तुला त्रास म्हणत बसली असती. झुवैनाला दमा आहे."