मागे बघणारं बदक

प्रज्ञाने कागद पुढे सरकवला आणि रंजनाचे मशीनवरचे हात थांबले. कागदावर एक फ्रॉक होता. पिवळा, फुग्याच्या बाह्यांचा. उजव्या खिशावर बदक आणि बदकाला रंगीत दोऱ्यांची शेपूट.

"हे कुणाचं आहे?" रंजनाने विचारलं.

"कुणाचं म्हणजे? माझं डिझाइन आहे," प्रज्ञा म्हणाली. "शेठ चारला बघायला येतायत. तीनपर्यंत सॅम्पल शिवून दे. मोठ्या बाईच्या मापात."

भेस्तानच्या त्या कारखान्यात प्रज्ञा डिझाइन काढायची आणि रंजना सॅम्पल शिवायची. दोघी डिंडोलीच्या एकाच गल्लीत वाढलेल्या, शाळेत एकाच बाकावर बसलेल्या. आता एकीला एसीची खोली आणि दुसरीला मशीन. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं रंजना सगळ्यांना सांगायची. पण प्रज्ञाने मोठ्या बायकांसाठी लहानपणीचे कपडे काढायला घेतले, लेमनच्या गोळ्यांसारखी बटणं काय, पाठीवर लंगडीचे चौकोन काय, आणि शेठ असे खूश झाले की गळ्याच्या लेबलवर प्रज्ञाचं नाव छापायचं ठरलं. तेव्हापासून रंजनाच्या पोटात दुखत होतं. आणि आज ही बया चक्क तिचाच फ्रॉक घेऊन आली होती.

"हा माझा फ्रॉक आहे," रंजना म्हणाली. "माझ्या आईने शिवलेला. घरी धागा कटिंगला साड्या यायच्या, त्यांचे कापलेले दोरे जमवून तिने ही शेपूट केली होती. अख्ख्या गल्लीला माहीत आहे."

"हो. तोच आहे."

"मग लेबलवर नाव तुझं कसं?"

"फ्रॉक तुझा होता, रंजू. काढलाय मी."

"उचल तुझा कागद," रंजना म्हणाली. "माझाच फ्रॉक मला बघून शिवायचाय का? डोळे मिटून शिवते. आणि शेठ आले की कुणाचा तेही सांगते."

प्रज्ञा कागद घेऊन गेली. रंजनाने कापड पसरलं आणि कात्री चालवली. रागात तिचा हात नेहमीच भरभर चालायचा. हिला काय ठाऊक, ती मनात म्हणत होती, आईने हातशिलाई करून दिलेला कपडा म्हणजे काय. हिला सगळं आयतं पाहिजे. मार्क पाहिजेत, खोली पाहिजे, आता माझं लहानपणही पाहिजे.

अडीच वाजता फ्रॉक पुतळ्यावर चढला. प्रज्ञा आली आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"बदक चुकलंय," ती म्हणाली. "हे पुढे बघतंय. ते मागे वळून बघायचं."

"घालत मी होते की तू?"

"शेपटीत हिरवा दोरा नव्हता. राणी रंगाचा होता, पिवळा होता आणि एकच जरीचा. डाव्या बाहीचं इलास्टिक ढिलं होतं, तिथे काकूंनी आतून गाठ मारली होती."

आजूबाजूची मशीनं एकेक करून थांबली. बायका कान देऊन ऐकत होत्या. एवढ्यांच्या देखत खोटं पडायला रंजना तयार नव्हती. तिने आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, माझ्या त्या पिवळ्या फ्रॉकवरचं बदक कुठे बघायचं गं?"

"मांगे," सुभद्राबाई लगेच म्हणाल्या. "जुनी साडी फाडीसन शिवेल व्हता तो. साडीले भोक व्हतं, ते झाकाले बदकनी मान मांगे वळाई दिन्ही मी. आनी तुले आज बरा आठवना? तू त तो घालेच नई. रडे. माले दुकानना ईकतना फ्रॉक पाहिजे म्हने. ती प्रज्ञा बिचारी उंबराजोडे बशीसन त्यालेच दखत ऱ्हाये. मंग त्यानं पोतेरं करं मी."

रंजनाने फोन बंद केला. कुणी हसलं नाही. समोरच्या दिपालीने मान खाली घालून मशीन सुरू केलं, मग बाकीच्यांनीही.

आईचा राग यावा की प्रज्ञाचा, रंजनाला कळेना. प्रज्ञाच्या नुसत्या बघण्यात तो फ्रॉक वीसेक वर्षं टिकला होता आणि ज्याच्यासाठी तो शिवला होता त्या माणसाला बदकाची मानसुद्धा आठवत नव्हती. हे तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

प्रज्ञा पुतळ्याजवळून हलली नव्हती. "शेठना सांग तू, तुझा फ्रॉक म्हणून," ती हळू आवाजात म्हणाली. "काकूंनी शिवला होता म्हणून सांग. लेबलवर त्यांचं नाव घालू दे. मी नाही म्हणणार नाही."

रंजनाने फ्रॉक पुतळ्यावरून उतरवला, मांडीवर घेतला आणि ब्लेडने बदकाची मान उसवायला लागली. टाके घट्ट होते.

"एवढा आवडायचा, तर मागितला का नाहीस कधी?" तिने वर न बघता विचारलं.

"तू दिला असतास?"

हो म्हणणं सोपं होतं. इतक्या वर्षांनी कोण तपासायला येणार होतं?

"नसता दिला," रंजना म्हणाली. "मला नको होता. तरी तुला नसता दिला."