लोकांचं मत

"ताई, अजून वेळ गेलेली नाही," भाऊ म्हणाला.

सभागृहाबाहेरच्या बाकावर ती बसली होती. प्रवासानं पाय सुजले होते. एवढंच सांगायला तो तिच्या मागोमाग राजधानीपर्यंत आला होता.

ती गुरांची डॉक्टर. अडलेली गाय कुणाचीही असो, जिल्ह्यात आधी तिलाच बोलावणं जायचं. म्हणूनच पक्षानं तिला प्रतिनिधी म्हणून उभं केलं. अध्यक्ष कोण, हे लोक थेट ठरवत नसत. प्रत्येक जिल्हा एक प्रतिनिधी निवडायचा आणि ते सगळे प्रतिनिधी राजधानीत जमून अध्यक्षासाठी मत द्यायचे. पक्षानं अध्यक्षपदाचा उमेदवार मागाहून ठरवला. तोवर मतपत्रिकेवर तिचं नाव छापून झालं होतं.

उमेदवार म्हणाला, सरकारी डेअरी बंद करीन, दूध हवं त्याला विका. गोठेवाल्यांनी त्याच्यासाठी तिला भरभरून मतं दिली. भाऊ त्याच डेअरीत फोरमन होता.

देशभराचे निकाल लागले, तेव्हा तिच्या पक्षाचा जेमतेम एक प्रतिनिधी जास्त निघाला. एक जण फिरला की अध्यक्ष बदलणार. तेव्हापासून तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. पक्षाचे पुढारी रोज फोन करून तिनं दिलेल्या शब्दाची आठवण करून देत. विरोधकांनी दारात गाडी पाठवली. भावजय येऊन रडून गेली. शेवटी तिनं फोन उचलणंच सोडून दिलं.

"कायद्यानं तू कुणालाही मत देऊ शकतेस," भाऊ म्हणाला. "मी वकिलाला विचारलंय."

"माहीत आहे मला."

"मग? पडद्याआड कोण बघणार आहे? माझ्या पोरींचा तरी विचार कर. या वयात मला कोण दारात उभं करणार?"

आतून तिच्या जिल्ह्याचं नाव पुकारलं. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली.

पडद्याआड एक उंच मेज होतं. मतपत्रिकेवर दोन नावं. ती बराच वेळ नुसतीच उभी राहिली. दोघी भाच्या डोळ्यांपुढं आल्या. धाकटी अजून झोप आली की तिच्याच मांडीत शिरायची. मग निवडून आल्यावर कुंपणापाशी भेटलेला म्हातारा आठवला. शेणानं भरलेल्या हातांनीच त्यानं तिचा हात धरला होता. "डॉक्टरीणबाई, आम्हाला काही तिथवर येता येत नाही. आमचं मत आता तुमच्या हाती."

तिनं शिक्का मारला. घडी घातली. पेटीत टाकली.

दुपारी निकाल आला. तिच्या पक्षाचा उमेदवार एका मतानं अध्यक्ष झाला.

भाऊ उठला. सवयीनं त्यानं तिची बॅग उचलली. दोघांची गाडी एकच होती. स्टेशनपर्यंत तो दोन पावलं पुढंच चालत राहिला. फलाटावर बॅग खाली ठेवून तो वळला. डोळे लाल झाले होते.

"एवढा आवडतो तुला तो माणूस?"

"मुळीच नाही."

"मग जिल्ह्यातल्या मतदानाच्या दिवशी तू स्वतः कुणाला मत दिलंस?"

ती बॅगेवरच टेकली.

"माझ्याविरुद्ध जो उभा होता त्याला," ती म्हणाली. "तेवढं एकच मत माझं होतं."