येणाऱ्या डिझायनरसाठी

"'लेयर सतरा कॉपी कॉपी'. हे काय नाव झालं?" प्रेरणा स्वतःवरच चिडली. तिनं पडद्यावरच्या चित्रातल्या त्या थराचं नाव बदललं: 'पालखीमागचा गुलाल'. शेजारी चिठ्ठी जोडली: 'हा लेयर सगळ्यात खाली ठेव, नाहीतर चेहरे झाकतात.'

राजारामपुरीतल्या त्या छपाईच्या दुकानात नऊ वर्षांच्या फायली होत्या. लग्नपत्रिका, कुस्ती मैदानाची पोस्टरं, दुधाच्या पिशव्या. सगळ्या प्रेरणाच्या हातच्या. कुठं काय आहे ते तिलाच ठाऊक. पंधरा दिवस ती हेच निस्तरत बसली होती.

मालक विजयसिंह तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "जायाचं ठरलंच व्हय?"

"पुण्याला जातोय दादा."

तिकडं मोठी नोकरी लागली असणार, दादांनी ओळखलं. संकोचानं बोलत नसेल पोरगी.

"आणि हितं कोण बसणार?"

"मी दोन-तीन महिन्यांत धाडतो की डिझायनर. तवर जागा भरू नका."

दादा पडद्यावरची एक चिठ्ठी वाचू लागले. 'लेयरच्या नावाशेजारी डोळा आहे. त्यावर क्लिक केलं की लेयर दिसतो.' त्यांना हसू आलं. "एवढं तर कुणालाबी येतंय. डिझायनर धाडतीस का पहिलीतलं पोर?"

"त्याला काहीच येत न्हाय असं धरून लिहितोय."

खाली आणखी एक ओळ होती. 'अडलं तर विजयसिंह दादांना विचार. ओरडून बोलतात, पण माणूस मायाळू आहे.' दादांनी ती ओळ पुन्हा वाचली.

तीन महिने त्यांनी जागा रिकामी ठेवली. कामं परत पाठवली, गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली.

मग एका सोमवारी प्रेरणाच दारात उभी राहिली. पार वाळलेली, डोक्याला घट्ट रुमाल. सोबत तिची आई अक्काताई. दादा लगबगीनं उठले. "अगं, कळवायचं तरी."

अक्काताईंनी हात जोडले. "डोक्याचं आपरेशन झालं, मालक. जीव वाचला. डॉक्टर आधीच म्हणालं हुतं, बाकीचं सांगता येत न्हाय."

"पावणं," प्रेरणा अदबीनं म्हणाली, "विजयसिंह दादा कुठं भेटतील? कामासाठी आलोय."

दादांनी तिची खुर्ची ओढून दिली आणि पहिली फाईल उघडली. प्रेरणानं चिठ्ठी सावकाश, ओठ हलवत वाचली. मग डोळ्याच्या खुणेवर क्लिक केलं. गुलाल दिसला तशी ती हसली.

"लई समजून लिहिलंय," ती म्हणाली. "कुठं असत्यात ह्या बाई आता?"