विठोजीचा धोंडा

“हात लावू नकात धोंड्याक!” चुन्याची बालदी घेऊन रुक्मिणी अशी धावत आली, की अर्धा चुना साडीवरच सांडला.

मजुरांची पहार थांबली, पण उशीर झाला होता. टेकाडावरचा पुरुषभर उंच पांढरा दगड एका अंगाला कलला होता. उद्या दसरा. उद्या तो खाली हमरस्त्यावर नव्या चौथऱ्यावर बसायचा होता. शेजारी काळ्या ग्रॅनाइटचा झकास फलक: ‘ज्यांचे नाव या गावाला लाभले, ते आरमाराचे शूर सरदार व मुलखाचे कारभारी विठोजी सारंग’. विठोजीबंदरात येणाऱ्या पाहुण्याला आपला माणूस दिसला पाहिजे, असं स्मारक समितीचे अध्यक्ष गुरुदास मास्तर वर्षभर घसा कोरडा करून सांगत होते. मास्तर मूळचे फोंडाघाटचे. चाळीस वर्षं या गावात काढली, पण होडीत कधी पाय ठेवला नव्हता.

“रुक्मिणीबाई, अहो, सन्मानच करतोय आपण त्याचा!”

“सन्मान मागीर करा, गुरुजी. माझो घोव दर्यात आसा. देवळाचो कळस आणि हो धोंडो एका रेषेत दिसल्याशिवाय तो होडी आत घालूचो नाय. दोनय बाजूक खडप आसा. चुकलो तर होडी फुटतली!”

चाळीस वर्षांत हे मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात पहारीने सैल झालेला चुन्याचा भाकरीएवढा पापुद्रा खाली पडला. आत अक्षरं! मास्तर गुडघ्यांवर बसले, नखाने खरवडू लागले आणि एकदम भडकले. “लेख आहे इथे! दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा! आणि तुम्ही बायकांनी दरवर्षी चुना फासून फासून तो गाडून टाकलात?”

रुक्मिणीचं तोंड उतरलं. दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिची सासू दगडाला चुना द्यायची, सासूची सासूही द्यायची. कुंचा फिरवताना म्हणायचं, ‘विठोजीबाबा, तुझे उपकार.’ तिचा नवरा परशुराम तीस वर्षं दर्यावरून धड परत येत होता, त्याचे हे उपकार. आणि ज्याचे उपकार, त्याचंच नाव आपण आपल्या हातांनी पुसत आलो? तिला रडूच कोसळलं.

“माका वाचूक येणा नाय, गुरुजी. चुकला आसात तर माफी करा. पण धोंडो उभो करा. तेवढा तरी करा.”

मास्तरांनी लेख एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग उठले आणि शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

“बघत काय बसलात रे? लावा खांदा!”

दगड उभा राहिला. मास्तरांनी स्वतः बुडाशी चिरे ठोकले. रुक्मिणी मागे सरून कळसाकडे बघत ओरडत होती, “वायच उजव्याक! हां, रवांदे!”

पाण्यातल्या खडकांपलीकडे परशुरामची होडी दिसली. जराशी थबकली आणि मग सरळ आत शिरली.

“तुमचे उपकार झाले, गुरुजी,” रुक्मिणीने हात जोडले.

“माझे कसले, बाई!” मास्तरांनी बालदीतला कुंचा उचलला आणि अक्षरांवर चुना द्यायला लागले.

“अरे देवा! गुरुजी, नाव पुसतास त्याचा?”

“नाव नाहीच त्यात,” मास्तर म्हणाले. कुंचा तसाच धरून त्यांनी विठोजीचा हुकूम वाचून दाखवला:

“‘आमचे नाव न लिहिणे. दर साल चुना देत जाणे. होड्या घरी याव्या.’”